मनगटाचा जोड

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या विहारातल्या मूर्तीचा उजवा हात निखळून माझ्या हातात आला.

विहार परळीत आहे, औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात त्या बाजूच्या आमच्या वस्तीत. मूर्ती पितळेची, बसलेली, दोन फुटांच्या आसपास. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून ती आणली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. पौर्णिमेच्या आधी ती धुऊन उजळायचं काम बायकांकडे असतं आणि त्या वर्षी ते मी मागून घेतलं होतं. मी एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस आहे, मे महिन्यात सुट्टी असते. सोबतीला माझी धाकटी जाऊ होती. परळीत राहणाऱ्याला राखेचं वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी पुसलेल्या वस्तूवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. मूर्तीच्या घड्याघड्यांत ती राख बसली होती.

आम्ही दोघींनी मूर्ती उचलून मागच्या ओट्यावर सावलीत आणली. जावेनं खालची बैठक धरली आणि मी चिंचेचा कोळ लावून घासायला लागले. खांद्यापासून खाली येत येत अंगठ्याच्या बेचक्यात पोचले, तर बारीकसा कट् असा आवाज झाला. मला वाटलं माझी बांगडी वाजली. मग कळलं की हातात वजन आलंय.

मनगटापासून पुढचा पंजा होता तो, अभयमुद्रेतला. माझ्या हातापेक्षा लहान, पण भरीव, पाव किलोचा तरी असेल. खाली बोटाच्या पेराएवढी खुंटी होती आणि मूर्तीच्या बाजूला ती बसायचं भोक. भोकाच्या कडेला हिरवा कळंक चढला होता. तो पंजा पाण्याच्या बादलीत पडू नये एवढंच मला सुचलं आणि मी तो पदरात घेतला.

जाऊ माझ्याकडे बघत होती. मग तिनं मागच्या गल्लीत कुणी आहे का ते आधी पाहिलं.

"अक्का," ती म्हणाली, "कुणाला सांगू नका."

मला तिचा राग आला, पण माझ्याही मनात तेच होतं. त्याच आठवड्यात कुठल्याशा गावात कुठल्याशा पुतळ्यावरून गडबड झाल्याचं मोबाईलवर फिरत होतं. गाव कुठलं, खरं की खोटं, कुणाला माहीत नव्हतं. आमच्या चौकात मात्र दोन दिवसांपासून पोलिसांची गाडी उभी होती. जाऊ म्हणाली, धुताना निघाला म्हणून कोण इस्वास ठेवंल? कुणी म्हणंल ह्यांनी पाडला, कुणी म्हणंल भाईरचं कुणी येऊन तोडून गेलं. आन् भाईरचं म्हंजे कोण, ते नाव लोकं आदीच ठरवून बसल्यात.

ते शेवटचं वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

माझा नवरा केंद्रात पहिल्या पाळीला गेला होता, आत फोन लागत नाही. समितीचे अध्यक्ष म्हणजे वस्तीतले एक काका, औष्णिक केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. किल्ली त्यांच्याकडूनच आणली होती. पण त्यांना सांगायचं धैर्य होईना. एकदा कुणीतरी विहारातली चटई न विचारता लग्नाला नेली होती, तर त्यांनी भर बैठकीत त्या माणसाला उभं करून विचारलं होतं. चटईसाठी एवढं, तर हातासाठी किती? संध्याकाळी पाचला बाकीच्या बायका सजावटीला येणार होत्या. तेवढ्यात हात चिकटवायचा आणि विषय संपवायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मूर्ती पुसून आत जागेवर ठेवली, पंजा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तिच्या मागे ठेवला आणि मी बाजारात गेले.

स्टेशन रस्त्याला एका चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्या घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक कडी-कोयंडा तिथनंच आलेला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी हळू आवाजात म्हणाले, लोखंडाला लोखंड चिकटवायचं काही द्या.

"लोखंड का?" चाचांनी विचारलं. "कशाला लावायचंय, ताई?"

माझ्या तोंडून निघालं, कुकरचं हँडल. ते म्हणाले, कुकरला चिकट अजिबात लावू नका, वाफेचं काम आहे, जिवाला धोका. नवं हँडल न्या, दोन स्क्रूमध्ये बसतं. ते मागं वळून हँडल काढायला लागले. मी घाईनं म्हणाले, कुकर नाही, शोपीस आहे. मग कशाचा? पितळेचा. केवढा? कुठला भाग निघालाय? उभा बसतो की आडवा? वजन किती? उन्हात असतो की घरात? पाणी लागतं का? त्याला कुणी धरून ओढतं का? ते काही चौकशी करत नव्हते, हे मला आज कळतं. वैद्य नाडी बघतो तसं ते विचारत होते. पण त्या वेळी मला प्रत्येक प्रश्न पोलिसांचा वाटत होता. मी एकाचं उत्तर खरं देत होते, एकाचं खोटं, आणि आधी काय सांगितलं ते विसरत होते.

"आणलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"न बघता सांगितलं तर तो अंदाज हाय फक्त," ते म्हणाले.

तरी त्यांनी काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक बोटाएवढी ट्यूब, एका थेंबात चिकटणारी. दोन भाग चपखल बसत असतील तर ही एका मिनिटात धरते, पण काचेसारखी असते, धक्का लागला की सुटते. दुसरी दोन ट्यूबांची जोडी, मिसळून लावायची, पाच-दहा मिनिटांत घट्ट होणारी. तिसरीही जोडीच, पण सावकाश वाळणारी. पूर्ण ताकद यायला दिवस लागतो. ते तिसरीवर बोट ठेवून होते. मी म्हणाले मला लवकर पाहिजे. ते म्हणाले, लवकरचं काम हलकं असतं. मी एका थेंबाची ट्यूब उचलली आणि निघाले.

विहारात आल्यावर आम्ही दार आतून लावून घेतलं. मी खुंटीवर थेंब टाकला, आणखी टाकला, पंजा बसवला आणि दाबून धरला. माझं एक बोट पितळेला चिकटलं, ते ओढून काढताना कातडं गेलं. पण हात बसला. जोडाभोवती पांढरट धुरकट डाग उठला होता, तो मी पदरानं पुसत बसले. जाऊ म्हणाली, बघा, कळतसुदीक न्हाई. आम्ही दोघी खाली बसलो. मला वाटतं आम्ही हसलोही थोडंसं.

सव्वा वाजता जाऊ मागच्या पडद्याची घडी नीट करत होती. पडद्याची कड हाताला लागली. लागली म्हणजे नुसती घासून गेली. पंजा सुटला आणि खालच्या फरशीवर पडून घणघणला. तो आवाज बाहेर गेला असणार असं वाटून आम्ही दोघी कितीतरी वेळ जागच्या हललो नाही.

करंगळीच्या टोकाला ओरखडा आला होता.

मी पंजा उचलला. आता खुंटीवर पांढऱ्या चिकटाचे चुरे लागले होते. मी नखानं काढायला गेले तर माझ्या ताज्या थराखाली दुसरा थर होता, पिवळट, जुना, कधीचा तरी. मला त्याचा अर्थ लागला नाही. लावायला डोकं ठिकाणावर नव्हतं. मी जावेला म्हणाले, मी पंजा घेऊन दुकानात जाते. ती नको नको म्हणत होती. मूर्तीवर आम्ही पांढरी चादर टाकली आणि दाराला कुलूप लावून तिला पायरीवर बसवलं.

रिक्षात माझ्या शेजारी दोन बायका होत्या. मी पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली होती. पर्सच्या आत, स्वच्छ रुमालात, तो हात होता. चौकात पोलिसांनी रिक्षा थांबवली आणि ड्रायव्हरकडे कागद मागितले. त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण एक शिपाई वाकून आत बघून गेला आणि मला वाटलं, ह्यानं आता पर्स उघडायला सांगितली तर मी काय सांगणार आहे? खरं सांगितलं तरी ते ऐकायला किती भयंकर वाटेल! बुद्धाचा तुटलेला हात पर्समध्ये घालून एक बाई बाजारात फिरते आहे.

दुकानाचं शटर खाली होतं. मग आठवलं, शुक्रवार. चाचा नमाजला गेले होते.

मी समोरच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली बसले. मे महिन्यातली परळीची दुपार. रस्ता पांढरा पडला होता आणि पत्रा वरून भाजत होता. पर्सला हात लावला तर आतलं पितळ तापल्याचं रुमालातूनही कळत होतं. जावेचे फोन येत होते, मी एक घेतला, तर ती नुसतं म्हणाली, या लवकर. का, ते सांगेना. उठून घरी जावं, काकांच्या पायावर पंजा ठेवावा, असं दोनदा मनात आलं. दोनदा उठले आणि बसले.

अडीचच्या पुढं चाचा आले. डोक्यावर टोपी होती. त्यांनी मला पाहिलं, शटर उघडलं, आधी पाण्याचा ग्लास दिला. मी पाणी प्याले आणि म्हणाले, मी सकाळी खोटं बोलले.

मी पर्समधून रुमाल काढला, पण उघडला नाही. काय झालं ते सगळं सांगितलं. विहार, धुणं, एक थेंब, पडद्याची कड. त्यांनी उठून शटर अर्ध्यावर ओढलं. मग माठातल्या पाण्यानं हात धुतले, कोरड्या फडक्याला पुसले आणि काउंटरवर नवा कोरा कागद पसरला.

"आता ठेवा," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा लावून जोड पाहिला. पंजाला त्यांनी बोटांच्या बाजूनं धरलं नाही, तळव्याखाली हात घेऊन धरला. खूप वेळ पाहिल्यावर ते म्हणाले, हा तुम्ही तोडलेला नाही. डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून, झाळायची जागा आहे ही, पण कुणीतरी आधीही एका थेंबाचंच लावलंय. जुनं झालं, खाली कळंक चढला, चिंचेच्या पाण्यानं राहिलेलं सुटलं. मी विचारलं, मग आता झाळून घ्यावं का? ते म्हणाले, झाळायला आच द्यावी लागेल, मूर्ती काळी पडेल, आणि तो कारागीर चार लोकांत बोलेल. चिकटवूनच होईल, पण नीट.

आणि त्यांनी नीट म्हणजे काय ते सांगितलं. आधी जुना चिकट पात्यानं खरवडून काढायचा, खुंटीवरचाही आणि भोकातलाही. मग पॉलिश पेपरनं दोन्हीकडं घासायचं, पिवळं पितळ दिसेपर्यंत. गुळगुळीत नको, खरखरीत पाहिजे, चिकटाला धरायला काहीतरी हवं. मग थिनरच्या बोळ्यानं पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा चालत नाही. घासल्यावर वेळ घालवायचा नाही, पितळ लगेच मंद पडतं. दोन ट्यूबांतलं बरोबर सारखं घ्यायचं. एक जास्त झाली तर लवकर वाळेल असं लोकांना वाटतं, तसं नसतं, ते कायमचं मऊ राहतं. पातळ थर, दोन्हीकडं. घट्ट दाबून सगळा चिकट बाहेर काढायचा नाही. मग चिकटपट्टी, खाली टेकू, आणि हात लावायचा नाही.

"किती वेळ?"

"सकाळपर्यंत. ऊन हाय म्हणून तेवढ्यात होईल, थंडीत झालं नसतं."

मी म्हणाले, संध्याकाळी बायका येणार आहेत. चिकटपट्टी दिसेल.

त्यांनी सावकाश वाळणारी ती जोडी, पॉलिश पेपर आणि थिनरची बाटली कागदात बांधून दिली. मग म्हणाले, "ताई, मी कुणाला बोलणार नाही. पण तुमच्यातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. हे सामान सगळं धरतं, पण रात्रभर कुणी हात लावायचा नाही, हे लोकांना सांगितल्याशिवाय नाही होत."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. उरलेला चिकट कागदावर तसाच ठेवायचा. वाळलं का बघायचं असेल तर नख त्याला लावायचं, मूर्तीच्या हाताला नाही.

विहाराच्या गल्लीत वळले तेव्हा सव्वातीन झाले होते आणि दारात माणसं दिसत होती. पाच-सहाच होती, पण मला ती पन्नास वाटली. जाऊ पायरीवर उभी होती, डोळे रडून लाल झालेले. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. वस्तीच्या ग्रुपवर कुणीतरी खिडकीतून काढलेला फोटो टाकला होता, चादरीनं झाकलेली मूर्ती. खाली लिहिलं होतं, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मूर्ती झाकून दाराला कुलूप का? त्याच्याखाली प्रश्नचिन्हं. मग कुणीतरी लिहिलेलं, काही झालंय का? मग एक नंबर मला ओळखीचा नव्हता, त्यानं लिहिलेलं, आम्ही येतोय.

काका पायरीच्या कडेला बसले होते. ते मला म्हणाले, दार उघड.

कुलपात किल्ली जाईना. त्यांनी माझ्याकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं, आम्हा दोघींना आत घेतलं आणि मागं दार लोटलं. मी काही बोलण्याआधीच त्यांनी चादर उचलली. मनगटाचं रिकामं भोक दिसलं. मी पर्समधून रुमाल काढून त्यांच्या पुढ्यात उघडला आणि म्हणाले, काका, माझ्या हातून झालं, सकाळीच झालं, तुम्हाला सांगायला भ्याले.

त्यांनी पंजा घेतला आणि उलटा करून खुंटीकडं पाहिलं. मला वाटलं आता ते बोलतील आणि सगळी वस्ती ऐकेल. पण ते भिंतीला टेकून खाली बसले.

"हे मी लावलं होतं," ते म्हणाले.

मूर्ती टेम्पोतून आणताना घाटात हिसका बसला आणि हात निघाला होता. टेम्पोत मागं ते एकटेच होते. वस्तीत बँड उभा, लोक फुलं घेऊन उभे. त्यांनी वाटेतल्या एका दुकानातून ट्यूब घेतली आणि टेम्पोतच चिकटवून टाकला. फिटर माणूस, त्यांना कळत होतं की हे टिकायचं काम नाही. नंतर नीट करू म्हणाले, पण नंतर म्हणजे कुणाला तरी सांगावं लागणार होतं. ते राहून गेलं. दरवर्षी पौर्णिमेला बायका मूर्ती धुवायला न्यायच्या तेव्हा मी घरात बसून राहायचो, असं ते म्हणाले. त्यांची जाब विचारायची सवय मला ठाऊक होती. त्यांना स्वतःला भिताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्यानं माझं भय कमी झालं असं म्हणता येणार नाही, पण ते एकटीचं राहिलं नाही.

बाहेर आवाज वाढत होते. काका म्हणाले, आधी काम करून घेऊ, का आधी सांगू? मी म्हणाले, आधी सांगा. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

त्यांनी दार उघडलं. अंगणात आता वीसेक माणसं होती, वस्तीतलेच तीन-चार तरुण मोटारसायकलवरून आलेले, त्यातला एक सारखं विचारत होता, कोण व्हतं, नाव सांगा बे कुणीतरी. काका उंबऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, मूर्तीचा उजवा हात जोडातून निघालाय. बाहेरचं कुणी आलेलं नाही. तो जोड पहिल्यापासून कच्चा होता, मीच बसवला होता, टेम्पोत. आज धुताना सुटला.

एका म्हाताऱ्या उपासिकेनं विचारलं, कुणाच्या हातून?

"माझ्या," मी म्हणाले.

"माज्याबी," माझ्यामागून जाऊ म्हणाली. "मी बैठक हलवली. अक्का घासत व्हत्या आन् मी पाय मोकळा करायला बैठक सरकवली."

हे तिनं मला दिवसभरात सांगितलं नव्हतं. मी वळून पाहिलं तर ती फरशीकडं बघत उभी होती. सकाळपासून तिनं कुणाला सांगू नका, कुणाला सांगू नका, का लावलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

म्हातारी म्हणाली, "बरं झालं, आजच निघाला. उद्या वंदनेला भन्तेजींच्या हातात आला असता तर?"

कुणीतरी हसलं. मोटारसायकलवाल्याला ते पटलं नव्हतं. त्यानं आत येऊन स्वतः भोक पाहिलं, खुंटीवरचा जुना पिवळा चिकट पाहिला, काकांकडं पाहिलं. मग म्हणाला, मग झाकून कशाला ठेवली? त्याचं बरोबर होतं. भीतीनं, मी म्हणाले. तो बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलत राहिला. आम्ही येतोय लिहिणारे आले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत प्रत्येक गाडीच्या आवाजाला माझी मान वळत होती.

चिकटवायचं काम मीच केलं. काकांचे हात आता थरथरतात. ते शेजारी बसून पात्याचा कोन सांगत होते आणि मी त्यांना चाचांनी सांगितलेलं सांगत होते. एका ठिकाणी ते म्हणाले, घट्ट दाब, मी म्हणाले, नाही, घट्ट दाबायचं नाही. त्यांनी ऐकलं. जुना चिकट निघायला अर्धा तास गेला. भोकातला कळंक काढायला मी पॉलिश पेपर काडीला गुंडाळला. पितळ आतून पिवळंधमक निघालं. थिनरच्या वासानं डोकं चढलं, तरी पंखा लावला नाही, राख उडून बसेल म्हणून. दोन्ही ट्यूबांतून बोटभर-बोटभर रेघ कागदावर काढली, काडीनं ढवळली, रंग एकसारखा होईपर्यंत. मग खुंटीला, मग भोकाला. पंजा बसवताना मी श्वास धरून होते. तो किंचित फिरवून सरळ केला, काका समोरून बघून डावी-उजवी सांगत होते. कडेला आलेला चिकट पुसला, पट्टी लावली, खाली घड्या घातलेल्या उपरण्याचा टेकू दिला.

नंतर बायकांनी सजावट केली ती मूर्तीपासून हातभर लांबूनच. हार घातला नाही, फुलं खाली ठेवली. एका बाईनं विचारलं, कुठलं लावलं? माझ्या कुकरचं झाकण... मी म्हणाले, कुकरला अजिबात लावू नका.

तो कागद मी घरी नेला होता. दिवेलागणीला त्यावरचा चिकट गुळासारखा होता, नख रुतत होतं. जेवताना पाहिला, तर नखाचा व्रण राहत होता. मापात चुकलं असेल, एक ट्यूब जास्त झाली असेल, हे कायमचं असंच राहील, असं वाटून मला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, झोप. पहाटे पाच वाजता उठून मी अंगणात जाऊन कागद उजेडात धरला. नखानं दाबला. नख वाकलं.

आठ वाजता वंदना होती. त्याआधी काकांनी आणि मी पट्टी काढली, टेकू काढला. काकांनी मला म्हटलं, हलवून बघ. मी म्हटलं, तुम्ही बघा. शेवटी दोघांनीही हलवलं नाही. भन्तेजी आले, पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली, त्रिशरण सुरू झालं आणि मी हात जोडून सगळा वेळ फक्त त्या मनगटाकडं बघत होते. शेवटी भन्तेजींनी फुलं वाहिली आणि वाकताना त्यांचं चीवर हाताला चांगलंच लागलं. काही झालं नाही. माझ्या शेजारी जावेनं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की नंतर तिथं वळ दिसत होता.

आठ-दहा दिवसांनी मी चाचांना सांगायला गेले. दुकानात गर्दी होती. मी फक्त म्हणाले, धरलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, चिंच लावू नका पुन्हा, कोरडं फडकं बास. मग ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

समितीच्या बैठकीत काकांनी अध्यक्षपद सोडतो म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. पंख्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला आणि तासभर त्यावरच भांडण झालं. ग्रुपवरचा तो फोटो कुणी काढला ते कळलं, मी त्या बाईला काही बोलले नाही. बोलायला मला तोंड नव्हतं. पुढच्या वर्षी मूर्ती पुसायला कुणी पुढं येईना, तेव्हा काकांनी स्वतः पुसली. या वर्षी त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून आम्हा दोघींना बोलावलं. आम्ही मूर्ती जागेवरून हलवली नाही. जाऊ उजेड धरून उभी राहिली आणि मी कोरड्या फडक्यानं पुसलं, वरून खाली, हाताशी आले तेव्हा सगळ्यात हळू. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि तिनं डब्यातून आणलेला चहा दोघींनी प्यायला.